मिनिटभर मागे

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नातू आला की आमच्या अमळनेरच्या घरातील प्रत्येक वस्तूची उलटतपासणी सुरू होते. जात्याचा खुंटा एका बाजूलाच का, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण रांगतच का राहिला, माळ्यावरचा पितळी बंब आता कोणी तापवत का नाही, अशा प्रश्नांना त्याच्याजवळ तोटा नाही. गेल्या खेपेस पाळी माझ्या मनगटावरील घड्याळाची आली. रोज सकाळी दाढी आटोपली की मी सुनेच्या मोबाइलवर नजर टाकतो आणि घड्याळाचा मोठा काटा एक घर पुढे सरकवतो. हे त्याने तीन दिवस मुकाट्याने पाहिले. चौथ्या दिवशी मात्र त्याला राहवले नाही.

"आजोबा, हे रोज एक मिनिट मागे पडतं ना?"

"हो."

"रोज?"

"अगदी रोज."

"मग तुम्ही हे घालता कशाला?"

"माझा त्याच्यावर भरवसा आहे म्हणून."

तो खो खो हसला. "जे रोज चुकतं, त्याच्यावर भरवसा?"

प्रश्न दहा वर्षांच्या मुलाचा होता. पण असल्या प्रश्नाला 'जा, खेळ जा' म्हणून वाटेला लावणे अमळनेरच्या माणसाला शोभत नाही. आमचे गाव तसे कापसाचे, तेलाचे नि व्यापाराचे. तरीही याच गावात श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारले. कापसाच्या गाड्या ज्या रस्त्याने जात, त्याच रस्त्याने माणसे 'सत्य म्हणजे काय' याचा विचार करावयास येत. मी काही तत्त्वज्ञ नव्हे. शाळेत गणित शिकवण्यात माझा जन्म गेला. तेव्हा मी त्या प्रश्नाची वजाबाकी-भागाकारापासून सुरुवात केली. शेवट मात्र गणितात झाला नाही.

प्रथम घड्याळाची ओळख करून देतो. बंगलोरला हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली घड्याळांचा कारखाना काढला. तेथे तयार झालेल्या पहिल्या घड्याळांपैकी एकाचे नाव होते 'जनता'. माझे घड्याळ त्याच जातीचे. ते १९६८ साली माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, घेतले. नाना एका जिनिंग कारखान्यात दिवाणजी होते. १९७३ साली मला शिक्षकाची नोकरी लागली, त्या दिवशी त्यांनी ते आपल्या मनगटावरून काढून माझ्या मनगटावर बांधले. खरे सांगावयाचे तर माझा चेहरा पडला. मला सोनेरी तबकडीचे, तारीख दाखवणारे विलायती घड्याळ हवे होते. याची तबकडी पांढरी, काटे साधे, तारीख नाही, आणि नाव काय तर 'जनता'! शिक्षकांच्या खोलीत बाही थोडी पुढे ओढूनच मी बसत असे.

स्वस्त वस्तूविषयी आपल्या मनात एक संशय असतो. 'सस्ता रोये बार बार' ही म्हण आपण हिंदीतून उचलली आणि अगदी आपलीशी केली. तो संशय सर्वस्वी खोटा आहे असे नाही. पण स्वस्ताई दोन प्रकारची असते, हे मला पुढे गावातल्या एका घड्याळवाल्याने शिकवले. डोळ्याला भिंग लावून त्याने माझ्या घड्याळाचे मागचे झाकण उघडले आणि म्हणाला, "गुरुजी, यांनी काटकसर कुठे केली ते बघा. वरती केली, आत नाही."

आत काय होते? एक गुंडाळलेली पोलादी पट्टी. चावी दिली म्हणजे ती आवळली जाते आणि उलगडताना चाकांना रेटा देते. हा रेटा मोकळा सोडला तर सगळी चावी क्षणभरात भर्रकन उतरून जाईल. म्हणून शेवटच्या चाकाच्या दाताशी एक चिमुकला नांगर पहारा करतो. एका वेळी एकच दात पुढे जाऊ द्यावयाचा, हे त्याचे काम. त्या नांगराला हलवणारे चक्र केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या जोरावर पुढेमागे झुलत असते. 'जनता'मध्ये हे झोके तासाला १८,००० पडतात. दिवसाला ४,३२,००० आणि वर्षाला पंधरा कोटींहून अधिक. एवढ्या घासाघाशीत लोखंडावर लोखंड टिकत नाही. म्हणून ज्या ज्या ठिकाणी झीज अधिक, तेथे तेथे कृत्रिम माणकाचे खडे बसवलेले असतात. माझ्या घड्याळात असे सतरा खडे आहेत. ते मिरवण्यासाठी नाहीत; झाकण लावले की कोणाच्या दृष्टीसही पडत नाहीत. तबकडीवर सोने नाही, पण जेथे भार आहे तेथे माणिक आहे. अशी माणसेही मी पाहिली आहेत, आणि याच्या नेमकी उलट माणसे तर पुष्कळच पाहिली आहेत.

ही कल्पना आपल्या काळातली नव्हे. १८६७ साली स्वित्झर्लंडमध्ये रॉस्कॉफ नावाच्या घड्याळजीने मजुरासाठी वीस फ्रँकचे घड्याळ तयार केले. मजुराच्या सुमारे आठवड्याच्या मजुरीत ते यावे, हा त्याचा हेतू. त्याने आतले भाग कमी केले, नक्षी काढून टाकली आणि माणकाच्या जागी पोलादी खुंट्या घातल्या. नाजूक घड्याळे करणाऱ्या कारागिरांनी नाके मुरडली, पण त्याच वर्षीच्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्या घड्याळाला पदक मिळाले. पुढे त्याची नक्कल करणाऱ्यांनी त्याहून हलका माल काढला आणि त्याचे नाव घालवले, हा भाग वेगळा. काय सोडावे आणि काय सोडू नये, हा विवेक असलेली काटकसर निराळी. सापडेल तेथे कात्री चालवणारी निराळी. बाजारात दोन्हींना स्वस्तच म्हणतात.

आता मिनिटाचा हिशेब. दिवसाची मिनिटे १,४४०. त्यांतले एक चुकते. म्हणजे चौदाशे चाळिसांपैकी चौदाशे एकोणचाळीस वेळा माझे घड्याळ खरे बोलते. "तू परीक्षेत एवढे गुण आणशील तर मी पेढे वाटीन," असे मी नातवाला म्हणालो. तो गप्प झाला. पण पटल्यासारखा दिसला नाही. त्याचे बरोबरच होते. चूक लहान आहे, एवढ्याने भरवसा सिद्ध होत नाही. वर्षातून एकदाच खोटे बोलणारा माणूस नेमका साक्षीच्या पिंजऱ्यात खोटे बोलला, तर त्याचे उरलेले तीनशे चौसष्ट दिवस काय कामाचे?

मग मी दुसरी पायरी चढलो. माझे घड्याळ चुकते, पण चुकण्यातही त्याचा नेम आहे. आज दोन मिनिटे पुढे, उद्या पाच मिनिटे मागे, असे ते करीत नाही. जुन्या काळी समुद्रावर आपण कोठे आहोत हे कळण्यासाठी खलाशांना घड्याळ लागे. इंग्लंडमधल्या जॉन हॅरिसनचे घड्याळ १७६१ साली जमैकाच्या सफरीवर गेले, तेव्हा त्याची परीक्षा कशी होती? ते मुळीच चुकू नये अशी अट नव्हे. रोज किती सेकंद मागे पडते हे ठाऊक असावे आणि तेवढेच रोज पडावे. बाकीचा हिशेब माणूस करून घेईल. ज्याची चूक ठाऊक आहे, त्याच्या साहाय्याने गलबत बंदराला लागते. ज्याची चूक ठाऊक नाही, ते कितीही किमती असो, खडकावर नेते.

आणि 'बरोबर वेळ' तरी काय आहे? १९०६ साली सरकारने साऱ्या देशाला एकच प्रमाणवेळ लावून दिली, तरी मुंबई शहराने आपली एकोणचाळीस मिनिटे मागची वेळ पुष्कळ काळ सोडली नाही. तिथल्या नगरपालिकेत ती १९५५ पर्यंत टिकून होती. आमच्या अमळनेरचेच पाहा. देशाची वेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची आणि आम्ही पंचाहत्तरच्या जवळ. त्यामुळे सूर्य आमच्या डोक्यावर येतो तेव्हा सरासरीने घड्याळात साडेबारा झालेले असतात. म्हणजे सुनेच्या मोबाइलमधली बिनचूक वेळसुद्धा बोरी नदीच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या सूर्याशी अर्ध्या तासाने जुळत नाही! पण ते अंतर सर्वांना ठाऊक आहे आणि सर्वांनी मान्य केले आहे. म्हणून आगगाड्या चालतात, शाळा भरतात, लग्ने लागतात.

येथवर आलो आणि मला वाटले, जिंकलो. भरवसा म्हणजे बिनचूकपणा नव्हे. भरवसा म्हणजे सातत्य. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर माझे मलाच ते उत्तर टोचू लागले. रोज नेमाने उशिरा येणारा माणूस सातत्यात कमी असतो का? व्याज चढवणाऱ्या सावकाराच्या नेमात कधी खंड पडतो का? त्यांच्याविषयी आपण अंदाज बांधू शकतो. पण अंदाज म्हणजे भरवसा नव्हे. भाद्रपदात पाऊस उघडझाप करणार हा अंदाज; मुलगा वेळेवर येणार हा भरवसा. पाऊस चुकला तर आपण छत्री उघडतो. मुलगा चुकला तर आत काहीतरी मोडते.

आणि हे मला दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नव्हती.

१९७९ सालची गोष्ट. माझ्या आईला, आमच्या घरी तिला माय म्हणत, पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी धुळ्याला दवाखान्यात ठेवले होते. नाना तिच्यापाशी होते. पत्नी बाळंतपणासाठी माहेरी गेलेली. घरात मी एकटा. आदल्या दिवशी मी धुळ्याहून निघालो तेव्हा मायने माझा हात धरून एवढेच म्हटले होते, "मला आत नेतील त्याच्या आधी ये." शस्त्रक्रिया सकाळी नऊला होती. पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने निघालो तर तास-सव्वा तासात धुळे. मी 'येतो' म्हणालो.

त्या रात्री गल्लीतल्या गणेशोत्सवाच्या नाटकाची तालीम होती. माझे काम छोटेच, पण मी गेलो. घरी आलो तो बारा वाजून गेलेले. घड्याळ उशाशी ठेवले आणि झोपलो. पहाटे दचकून जाग आली. बाहेर पावसाळी काळोख. दिवा लावून पाहिले तर तीन चाळीस. अजून पुष्कळ अवकाश आहे, असे म्हणून मी पुन्हा पडलो. दुसऱ्यांदा जाग आली ती दूधवाल्याच्या हाकेने. ऊन खिडकीत आले होते. घड्याळात पाहिले: तीन चाळीस.

धुळ्याला पोहोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. दवाखान्याच्या बाकावर नाना बसले होते. मायच्या पाटल्या रुमालात बांधून त्यांनी मुठीत धरल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "दोनदा विचारलं तिनं."

मी म्हणालो, "घड्याळ बंद पडलं, नाना. असली स्वस्तातली घड्याळं..."

नानांनी हात पुढे केला. मी घड्याळ दिले. पाटल्यांचा रुमाल मांडीवर ठेवून त्यांनी अंगठा आणि बोट यांमध्ये चावी धरली आणि सावकाश फिरवली. दहा-बारा वेळा असेल. मग घड्याळ आपल्या कानाशी नेले, नंतर माझ्या कानाशी. ते चालू होते. रागावले म्हणजे नाना मोठ्याने बोलत. त्या दिवशी ते अगदी हळू आणि घरातल्या अहिराणीत बोलले.

"बंद नही पडेल ते. उपाशी शे."

माय शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर आली आणि पुढे एकवीस वर्षे जगली. म्हणजे तसे पाहिले तर काहीच बिघडले नाही. पण आत नेताना ज्या दारापाशी तिने मान वळवून पाहिले असेल, त्या दारापाशी मी नव्हतो. तो क्षण मागचा काटा पुढे सरकवून भरून निघण्यासारखा नव्हता.

आपली भाषा अशा वेळी मोठी दयाळू होते. घड्याळ बंद पडले, काच फुटली, दूध उतू गेले, गाडी चुकली. या वाक्यांत करणारा माणूस कोठे आहे? काच आपली आपण फुटते, गाडी आपली आपण चुकते. व्याकरणात एक चूक नाही आणि सत्यात एक अक्षर नाही. मी नानांना सांगितलेले वाक्य शब्दशः खरे होते. घड्याळ बंदच होते. तरी माझ्या आयुष्यातले ते सर्वांत खोटे वाक्य आहे. मी चावी दिली नव्हती. त्या रात्रीच नव्हे, आदल्या रात्रीही दिली नसावी. कारण पूर्ण चावी दिलेले असे घड्याळ दीड दिवस सहज चालते. ते घड्याळ मला कमीपणाचे वाटे, म्हणून मी त्याची हयगय करीत होतो. आणि हयगय केलेल्या वस्तूने अडचणीच्या वेळी मला साथ द्यावी, अशी माझी अपेक्षा होती. माणसांच्या बाबतीतही आपण हेच करतो. ज्यांना गृहीत धरले, त्यांनीच आयत्या वेळी धावून यावे. आणि नाही आली, तर 'तो मुळातच हलका होता' असे म्हणून मोकळे व्हावे.

तेव्हापासून मला वाटू लागले की भरवसा हा वस्तूच्या आत बसवलेला अठरावा खडा नव्हे. तो कारखान्यातून तयार होऊन येत नाही. कारखाना फार तर एवढे करू शकतो की, तुम्ही दिलेली चावी तो वाया जाऊ देणार नाही. आजची चावी उद्यापर्यंत पुरते. परवासाठी उद्या पुन्हा द्यावी लागते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात आमच्या अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळीत. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडीत, अंथरुणे नीट घडी करून ठेवीत, असे गावात आजही सांगतात. त्यांचे मोठेपण सांगताना लोक स्वातंत्र्यलढ्याचे सांगतात, पुस्तकांचे सांगतात. मला मात्र त्या घड्या आठवतात. एका दिवसाचा त्याग पुष्कळांना साधतो. रोजची घडी फार थोड्यांना. आणि मुलांचा जीव जडला तो रोजच्या घडीवर.

नातवापासून मी काही लपवले नाही. त्याच्या मनगटावरचे सेलचे घड्याळ माझ्यापेक्षा खरे आहे, हे मी कबूल केले. त्यातला गारेचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. महिनाभरात पंधरा-वीस सेकंद इकडे तिकडे होतील, एवढेच. अशा घड्याळांपुढे चावीची घड्याळे मागे पडली. बंगलोरच्या त्या कारखान्याला तोटा सोसवेना आणि २०१६ साली सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. ज्याला गाडी गाठावयाची आहे त्याने सेलचेच घड्याळ वापरावे. १९७९ साली माझ्याजवळ तसे असते, तर मी त्या दारापाशी वेळेवर उभा असतो, हेही खरे.

पण मग मला हे कळलेही नसते की चूक माझी होती. न विसरणारे यंत्र माणसाचा विसराळूपणा झाकते. बरा करीत नाही. ज्या ठिकाणी यंत्र पोहोचत नाही, म्हाताऱ्या आईला पत्र लिहिणे, मित्राच्या आजारपणात जाऊन बसणे, दिलेला शब्द पाळणे, तेथे चावी आजही हातानेच द्यावी लागते.

मायने त्या सकाळविषयी मला कधीही बोल लावला नाही. तिने क्षमा केली की नाही, हे मला सांगता येणार नाही. मात्र ती घरी आली त्या रात्रीपासून, दिवे मालवण्याच्या सुमारास, तिच्या खोलीतून एक हाक येऊ लागली: "चावी दिली का रे?" मी म्हणे, "दिली, माय." सुरुवातीला तो प्रश्न मला चाबकासारखा लागे. पाच-सहा वर्षांनी तो 'जेवलास का' यासारखा वाटू लागला. ती गेल्यावर कळले की दोन्ही प्रश्न एकच होते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमच्या घरी पाटावर केरसुणी, वही आणि थोडे पैसे मांडतात. नाना हयात असताना त्यांनी एकदा हे घड्याळही तेथे ठेवले होते. तेव्हापासून ते दरवर्षी तेथे असते. यंदा आरती झाली, बाहेर गल्लीत फटाक्यांचा गलका सुरू झाला, तरी नातू पाटापाशीच घुटमळत होता. त्याला घड्याळाला चावी द्यावयाची होती. मी घड्याळ त्याच्या हातात दिले.

"सावकाश फिरव," मी म्हणालो. "ताण लागला की थांबायचं. त्याच्यापुढे जोर केलास तर तुटेल."

त्याने जीभ दातांत धरून चावी फिरवली, थांबला आणि घड्याळ कानाशी नेले. कितीतरी वेळ तो ऐकत उभा होता. मग म्हणाला, "आजोबा, मी पुण्याला गेलो की चावी कोण देणार?"

"मी."

"आणि तुम्ही विसरलात तर?"

मी त्याला सांगितले की रात्री साडेनवाला तू फोन करून विचारीत जा. तेव्हापासून तो विचारतो. कधी साडेनवाला, कधी दहाला, दोनदा विसरलाही. मी त्याला काही बोललो नाही.